गादीवर कोण बसले आहे?

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी कापडाची एक जुनी पेढी आहे. व्यवहार आता तिसऱ्या पिढीच्या हाती आहे. गेल्या लग्नसराईत त्या पेढीच्या फेसबुक पानावर एका शिक्षिकेने रात्री साडेदहाच्या सुमारास चार ओळी लिहिल्या. मुलीच्या साखरपुड्यासाठी घेतलेल्या साडीचा पहिल्याच धुण्यात रंग गेला, काठाचा जांभळा रंग पदरावर उतरला, दुकानात दोनदा जाऊनही कोणी नीट ऐकून घेतले नाही, असा तो मजकूर होता. सोबत साडीचे छायाचित्र होते. पानाचा कारभार घरातील एकवीस वर्षांच्या पुतण्याकडे होता. त्याने अंथरुणावर पडल्या पडल्या उत्तर लिहिले : भारी साडी कशी धुवायची हे ठाऊक नसेल तर भारी साडी घेऊ नये. पुढे हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह.

सकाळी दुकानाचे शटर वर जाईपर्यंत त्या उत्तराचे छायाचित्र तालुक्यातील शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरू लागले होते. त्याच शिक्षकांच्या घरच्या लग्नाच्या, ओटीभरणाच्या, सेवानिवृत्ती समारंभाच्या साड्या वर्षानुवर्षे याच दुकानातून जात आल्या होत्या. पेढीचे मूळ धनी आज ८१ वर्षांचे आहेत. ते मोबाईल वापरत नाहीत. त्यांना ही हकीकत समोरच्या चहावाल्याकडून कळली. ते रागावले नाहीत. त्यांनी घरातल्या सर्वांना समोर बसवून एवढेच विचारले, "आपल्या गादीवरून हे बोलले कोण?"

हिशेब आणि करांच्या कामानिमित्त गेली वीस-बावीस वर्षे आपल्या समाजातील अनेक पेढ्यांवर माझे जाणे-येणे आहे. बाबूजींचा हा प्रश्न ऐकल्यापासून मी तो प्रत्येक ठिकाणी मनातल्या मनात विचारून पाहतो, आणि बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही.

आपल्याकडे गादीची एक रीत आहे. घरातला मुलगा कॉलेज संपवून दुकानात आला की पहिल्या दिवशी त्याला कोणी गल्ल्यावर बसवीत नाही. तो आधी तागे उलगडतो, घड्या घालतो, माल उतरवून घेतो, मुनीमजींच्या शेजारी बसून रोजमेळ लिहितो. कोणत्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचे, कोणाशी किती बोलायचे, कोणाची तक्रार हसून घ्यायची, हे त्याला वर्ष-दोन वर्षांत न सांगता कळू लागते. मग एखाद्या दिवशी वडील बाहेरगावी जातात आणि तो गादीवर बसतो. तोच मुलगा समाजमाध्यमांवर मात्र एका दुपारीत पेढीचा प्रवक्ता होतो. कारण एकच : त्याला मोबाईल कळतो. मोबाईल कळणे आणि गिऱ्हाईक कळणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. पेढीची समाजमाध्यमांवरील जी फजिती मी पाहिली, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच गल्लत होती.

रागाची किंमत

हे केवळ लहान वयाचे दुखणे आहे, असे समजण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी ओला इलेक्ट्रिकच्या दुरुस्ती केंद्राबाहेर उभ्या असलेल्या स्कूटरांचे छायाचित्र प्रसिद्ध करून ग्राहकांच्या अडचणींविषयी प्रश्न विचारला. कंपनीचे संस्थापक भाविश अग्रवाल यांनी स्वतः उत्तर दिले आणि त्यात स्कूटरांविषयी बोलण्याऐवजी कामरा यांच्या व्यवसायावर घसरले. रविवारचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी शेअर बाजारात कंपनीचा भाव सुमारे आठ टक्के उतरला. घसरणीचे सारे खापर या वादावर फोडणे बरोबर होणार नाही, इतरही कारणे होती. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची कारणे दाखवा नोटीसही त्याच सुमारास आली, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरील दहा हजारांहून अधिक तक्रारींची चर्चा घरोघरी पोचली, आणि ज्यांनी ओलाची स्कूटर कधी पाहिली नव्हती त्यांनाही ती नादुरुस्त उभी असलेली आठवू लागली.

मोठ्या कंपनीला असा धक्का पचवता येतो, तिच्यापाशी भांडवल आहे, जनसंपर्काचा स्वतंत्र विभाग आहे. तालुक्याच्या बाजारातील दुकानाचे भांडवल म्हणजे गावातील चार हजार कुटुंबे. त्यांतील दोनशे दुरावली तर ती दुसऱ्या जिल्ह्यातून आणता येत नाहीत.

मग तक्रार आली तर करावे काय? काउंटरवर जे करतो तेच. गिऱ्हाईक समोर येऊन मोठ्याने बोलू लागले, तर अनुभवी व्यापारी त्याला आधी बसवतो, पाणी देतो, आणि आवाज खाली आल्यावर साडी उलगडून पाहतो. लेखी व्यवहारातही पहिले उत्तर लहान असावे. तक्रार पाहिली, वाईट वाटले, उद्या सकाळी आमच्याकडून अमुक जण दूरध्वनी करतील. एवढेच. कारणमीमांसा, कोणाची चूक, धुण्याची पद्धत, हे सारे बोलणे दूरध्वनीवर किंवा प्रत्यक्ष भेटीत. आणि तक्रार मिटली की त्याच मजकुराखाली काय तोडगा निघाला ते एका ओळीत जरूर लिहावे. कारण तक्रार वाचणारे शंभर जण असतात आणि त्यांना तिचा शेवट कळलेला नसतो.

तक्रारीचा मजकूर पुसून टाकणे ही आणखी एक सवय. तो पुसला की तक्रारदार अधिक संतापतो, आणि त्याच्यापाशी छायाचित्र असतेच. वकिलाची नोटीस पाठवणे हा त्याचाच मोठा भाऊ. एप्रिल २०२३ मध्ये बोर्नव्हिटातील साखरेविषयी एका तरुणाने केलेली चित्रफीत गाजली. कंपनीने कायदेशीर नोटीस पाठवली. त्याने चित्रफीत काढून टाकली, माफीही मागितली. तेथे विषय संपायला हवा होता. परंतु नोटिशीचीच बातमी झाली आणि ज्यांनी मूळ चित्रफीत पाहिली नव्हती त्यांनीही ती शोधून पाहिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे विचारणा केली, आणि पुढे कंपनीने साखरेचे प्रमाण कमी केल्याच्या बातम्याही आल्या. खोट्या बदनामीविरुद्ध कायद्याचा आधार घेण्यात गैर काही नाही. मात्र आधी आपल्या मालाकडे एकदा पाहावे.

घरातले बोलणे, बाजारातले बोलणे

या विषयावर लिहिताना एका घटनेचा उल्लेख टाळावा असे मला अनेकदा वाटले. तरीही तो करतो, कारण ती आपल्या समाजाच्या फार जवळची आहे.

मे २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, चेन्नईतील एका जैन बेकरीमालकास पोलिसांनी अटक केली. त्या बेकरीची एक जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरत होती. माल जैनांनी तयार केलेला आहे आणि आमच्याकडे मुस्लिम कर्मचारी नाहीत, असे तिच्यात म्हटले होते. साथीच्या त्या दिवसांत एका समाजाविषयी नाना अफवा पसरल्या होत्या, ग्राहक घाबरलेले होते, धंदा बुडत होता, हे सारे मान्य केले तरी तो मजकूर चुकीचाच होता. कायद्याच्या भीतीपोटी चुकीचा असे मला म्हणायचे नाही. आपल्या किती पेढ्यांचे शिलाईकाम, जरीकाम, कोंदणकाम, माल वाहण्याचे काम मुस्लिम कारागिरांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे, ते प्रत्येकाने आपल्या खतावणीत पाहावे. त्या कारागिराच्या मुलाने अशी जाहिरात वाचली, तर त्याने काय समजावे?

यात एक व्यवहाराचाही धडा आहे. आपण व्हॉट्सॲपच्या गटात लिहितो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे ओळखीची चाळीस-पन्नास माणसे असतात, म्हणून आपण घरात बोलावे तसे बोलतो. परंतु गटातील कोणीही तो मजकूर एका स्पर्शाने बाहेर पाठवू शकतो. तो बाहेर गेला की त्याला बाजारातले बोलणे समजले जाते आणि तसाच त्याचा न्याय होतो. जैन ग्राहकांसाठी खाद्यपदार्थ विकणाऱ्याने आपल्या पदार्थाविषयी हवे तेवढे सांगावे : कांदा, लसूण, बटाटा वा अन्य कंदमूळ नाही, अंडे नाही, सूर्यास्तापूर्वी तयार केलेले. ही मालाची माहिती झाली. ती ऐकून कोणाचे मन दुखावत नाही. माणसांविषयी लिहू लागलो की मात्र पाय घसरतो.

झोमॅटोची गोष्ट याहून वेगळी, परंतु विचार करण्याजोगी आहे. मार्च २०२४ मध्ये कंपनीने शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी स्वतंत्र वितरण-ताफा जाहीर केला, आणि त्यातील मुलांना हिरवा पोशाख व हिरवी पेटी देण्याचे ठरवले. आपल्यापैकी अनेकांना ती घोषणा ऐकून आनंद झाला होता, मलाही झाला होता. मग प्रश्न आला : लाल पोशाखातल्या मुलाला एखाद्या इमारतीच्या दारातून परत पाठवले तर? भाड्याने राहणाऱ्या ग्राहकाच्या दारात लाल पोशाख दिसला आणि घरमालक बिघडला तर? दुसऱ्याच दिवशी कंपनीने हिरवा पोशाख मागे घेतला. सेवा राहिली, पोशाख गेला. घोषणेआधी हे प्रश्न कोणी आपल्याच वितरकांना विचारले असते, तर एवढा गदारोळ झाला नसता असे मला वाटते.

जाता जाता एक लहान गोष्ट. गिऱ्हाईक फेसबुकच्या पानावर उघडपणे विचारते, "बिल नको असेल तर काय भाव?" आणि आमचा उत्साही नातू तेथेच उत्तर देतो. त्या पानावर करखात्याचे अधिकारीही साड्या पाहतात.

शुभेच्छांचा गोंधळ

तयार शुभेच्छापत्रे बनवून देणारी अनेक ॲप आहेत. दुकानाचे नाव आणि क्रमांक एकदा भरून ठेवला की वर्षभराचे सारे सण आपोआप तयार होतात. मालक ते वाचतही नाही. यातून ६ डिसेंबरला, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनी, 'हार्दिक शुभेच्छा' जातात. तो अभिवादनाचा दिवस आहे, लाखो अनुयायी त्या दिवशी दादरच्या चैत्यभूमीवर येतात, हे महाराष्ट्रात दुकान चालवणाऱ्याला ठाऊक नसावे याचे कोणालाही वाईट वाटेल. गुड फ्रायडे हा येशूच्या मृत्यूचा दिवस. त्याला आनंददायी म्हणणारी शुभेच्छापत्रे दरवर्षी दिसतात. मोहरमचेही तेच. शिवजयंतीला महाराजांचे चित्र लहान आणि दुकानाचे बोधचिन्ह मोठे, त्याखाली कुर्त्यावर तीस टक्के सूट. ज्याला आपण आदर म्हणून पाठवतो त्याचा अनादर होतो, आणि चुकीचे काय झाले हे आपल्याला कोणी सांगतही नाही; गिऱ्हाईक फक्त येणे बंद करते.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. ८ मार्च २०२२ रोजी, महिला दिनी, फ्लिपकार्टने ग्राहकांना स्वयंपाकघरातील उपकरणांवर सवलतीचा संदेश पाठवला. महिलांचा गौरव म्हणजे स्वयंपाकघर, असा त्याचा अर्थ होत होता. टीका झाली, कंपनीने त्याच दिवशी माफी मागितली.

आपल्या घरचे उदाहरण द्यायचे तर संवत्सरीचे. 'मिच्छामि दुक्कडम्' या शब्दांखाली नव्या मालाचा भाव लिहिलेली पत्रे मी पाहिली आहेत. एका व्यापाऱ्याने सांगितलेला किस्सा मला फार आवडतो. त्याचे पैसे आठ महिने थकवणाऱ्या पेढीकडून त्याला संवत्सरीच्या दिवशी मन-वचन-कायेने क्षमा मागणारा सुंदर सजवलेला संदेश आला, जो त्या पेढीने आपल्या यादीतील सर्वांना एकदम पाठवला होता. याने उत्तर दिले, "क्षमा केली. चेक पाठवावा."

एकदम सर्वांना पाठवण्याविषयीही थोडे सांगायला हवे. व्हॉट्सॲपच्या प्रसारण-यादीत एका वेळी २५६ जण घेता येतात आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. ही अट जाचक वाटल्याने अनेक दुकानदार सरळ गट बनवून गिऱ्हाइकांना न विचारता त्यात टाकतात. गटात प्रत्येकाचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो. एखाद्या सुनेने दुकानात विश्वासाने दिलेला क्रमांक अडीचशे अनोळखी माणसांपुढे उघडा पडतो, आणि रात्री कोणी तिला संदेश पाठवू लागला की त्याचे मूळ आपल्या दुकानात असते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला आहे आणि तो संमतीवर उभा आहे. संमती विचारायला दोन शब्द पुरतात : "नवीन मालाची माहिती पाठवू का?" नाही म्हणणाऱ्याच्या नावापुढे फुली मारावी. अनेकांनी तक्रार केली की व्हॉट्सॲप क्रमांकच बंद करते, आणि वीस वर्षे वहीच्या मलपृष्ठावर छापत आलेला तो क्रमांक मग चालत नाही.

पान कोणाच्या नावावर?

खानदेशातील दोन भावांच्या सराफी पेढीची वाटणी झाली तेव्हा हिशेबाच्या कामासाठी मी उपस्थित होतो. जागा, तिजोरीतील माल, गहाणवट, उधारी, वडिलांच्या काळातील चांदीचा तराजू, सारे पाच बैठकांत समजुतीने मिटले. सहावी बैठक इन्स्टाग्रामच्या पानावर अडली.

ते पान धाकट्या भावाच्या सुनेने चार वर्षांपूर्वी आपल्या माहेरच्या मोबाईल क्रमांकावर उघडले होते. दुपारी जेवणानंतर दुकानात येऊन ती दागिन्यांची छायाचित्रे काढी, माहिती लिही, लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देई. चौदा हजार लोक ते पान पाहत होते. मोठ्या भावाचे म्हणणे, पानावर नाव आपल्या वडिलांचे आहे, माल सामाईक पेढीचा होता. धाकट्याचे म्हणणे, मेहनत माझ्या सुनेची आहे. दोघांचेही खरे होते. पंचांपैकी एकानेही इन्स्टाग्राम वापरलेले नव्हते. एकाने विचारले, "याचे दोन भाग होत नाहीत का?"

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार पेढीचा नावलौकिक ही पेढीची मालमत्ता आहे. भागीदारांत वेगळा करार असेल तर गोष्ट निराळी. आजोबांच्या काळी हा नावलौकिक दुकानाच्या पाटीत आणि जागेत असे. आज त्याचा बराच भाग एका मोबाईल क्रमांकात, एका ईमेलमध्ये आणि एका सांकेतिक शब्दात असतो, आणि त्यांचा उल्लेख माझ्यासमोर आलेल्या भागीदारीपत्रांत जवळजवळ कधीच नसतो. मी आता नवे भागीदारीपत्र करताना एक कलम आग्रहाने घालतो : पेढीच्या नावाने चालणारी सर्व समाजमाध्यम खाती, त्यांना जोडलेले क्रमांक व ईमेल ही पेढीची मालमत्ता राहील, आणि भागीदार निवृत्त झाल्यास वा वाटणी झाल्यास त्यांचे काय करायचे ते असे ठरेल. पहिल्यांदा सुचवतो तेव्हा लोक हसतात.

कलमापूर्वी करण्याच्याही काही साध्या गोष्टी आहेत. सिमकार्ड पेढीच्या नावावर घ्यावे आणि त्याचे रिचार्ज चुकू देऊ नये, कारण बंद पडलेला क्रमांक काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो. ईमेल पेढीचा असावा. फेसबुकचे पान कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यातून चालते. म्हणून त्यावर पूर्ण अधिकार असलेली घरातील किमान दोन माणसे असावीत. जाहिरातीचे काम बाहेरच्या संस्थेला दिले असेल, तर तिला काम करण्यापुरता अधिकार द्यावा, मालकीचा नव्हे. एका किराणा व्यापाऱ्याने संस्था बदलली तेव्हा जुन्या संस्थेने पान देण्यासाठी त्याच्याकडे पैसे मागितले. पान त्याच संस्थेने उघडले होते. त्याने पैसे दिले.

चोर तर याहून सोपा मार्ग काढतात. एका आडत दुकानदाराला ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावाने संदेश आला की माझा सहा अंकी क्रमांक चुकून तुमच्याकडे आला आहे, तेवढा कळवा. त्याने कळवला. तो त्याच्याच व्हॉट्सॲपचा पडताळणी क्रमांक होता. पुढच्या तासाभरात त्याचे व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या हाती गेले आणि त्याच्या गिऱ्हाइकांना त्याच्याच नावाने संदेश गेले : जुन्या बँक खात्यात अडचण आहे, रक्कम या नव्या खात्यात भरावी. चौघांनी भरली. त्यांनी खात्रीही केली नाही, कारण या माणसाचा शब्द म्हणजे पावती, अशी त्याची ख्याती. जिच्यावर त्याने आयुष्य घालवले ती पतच चोराच्या कामी आली. व्हॉट्सॲपमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी म्हणून सोय आहे. स्वतः ठरवलेला सहा अंकी आकडा तेथे भरून ठेवला, तर केवळ पडताळणी क्रमांक मिळवून खाते उघडता येत नाही. हे करायला दोन मिनिटे लागतात. आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम पुढे सरकण्याआधी रोखली जाण्याची शक्यता असते.

दावे, भाव आणि छायाचित्रे

सुकामेवा, मसाले, मध, तेल विकणाऱ्या आपल्या बांधवांना एक विनंती. मेथीदाणा मधुमेहावर रामबाण, अमुक तेलाने गुडघेदुखी कायमची बरी, असे मजकूर कोठून तरी उचलून आपल्या पानावर टाकू नयेत. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमात मधुमेहासारख्या रोगांवर उपचाराचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, एखाद्या आजीने आपल्या पानावरचे वाचून गोळी बंद केली तर त्याचे उत्तरदायित्व कोणाचे?

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींचाही समावेश आहे. ९९ रुपयांत साडी म्हणून गर्दी जमवायची आणि आत गेल्यावर त्या सकाळीच संपल्या म्हणायचे, हा जुना खेळ त्यात बसतो. गावातील लोकप्रिय मुलीकडून पैसे देऊन दुकानाची स्तुती करवून घेतली तर ती जाहिरात आहे हे तेथेच स्पष्ट लिहावे लागते. पाहणारे लोक विकत घेणे, घरातल्या बारा जणांकडून पाच-पाच तारे देववणे, हेही सोडावे. गाव लहान असते, आडनावे लोक ओळखतात. आणि चित्रपटातील गाणे आपल्या मालाच्या चित्रफितीला लावण्याआधी त्याचे हक्क कोणाकडे आहेत ते पाहावे. मित्राच्या वाढदिवसाला लावलेले गाणे आणि धंद्यासाठी लावलेले गाणे, यांत कायदा फरक करतो.

भावाविषयी माझे मत थोडे कडक आहे. 'किंमत इनबॉक्समध्ये विचारा' ही पद्धत मला मुळीच पटत नाही. शेजारच्या दुकानदाराला भाव कळू नये म्हणून आपण तो लपवतो, परंतु शेजारी तर कोणाच्याही नावाने विचारून घेतो. अडते ते गिऱ्हाईक. ई-कॉमर्सविषयीचे २०२० चे नियमही विक्रेत्याने एकूण किंमत स्पष्ट दाखवावी असेच सांगतात. एका भावाचे दुकान ही पाटी ज्यांच्या आजोबांनी अभिमानाने लावली, त्यांच्या नातवांनी भाव कानात सांगावा हे विचित्र आहे.

सराफ बांधवांसाठी शेवटचा मुद्दा, आणि तो सर्वांत गंभीर. लग्नाचे दागिने खरेदी करून निघालेल्या कुटुंबाचे हसरे छायाचित्र, खाली नाव, गाव आणि 'यांनी आमच्याकडून खरेदी केलेला पंचवीस तोळ्यांचा संच'. आनंदाच्या भरात ते कुटुंब हो म्हणते. पण अमुक गावातल्या अमुक घरात आज एवढे सोने गेले, ही माहिती आपण कोणाकोणाला देत आहोत याचा विचार व्हायला हवा. लग्नाची तारीखही बहुतेकदा त्याच मजकुरात असते, म्हणजे घर कोणत्या दिवशी रिकामे राहील तेही. दागिन्याचे छायाचित्र टाकावे, माणसाचे टाकू नये; टाकायचेच तर लग्नानंतर, लेखी विचारून, वजन व गाव न लिहिता. दुकानाच्या आतली रचना, तिजोरीची खोली, रात्री माल आवरतानाची चित्रफीत यांनाही हेच लागू. आणि यात्रेला सहकुटुंब निघालो असल्याचे परतल्यावर सांगितले तरी चालते.

त्या कापडाच्या पेढीवर मी गेल्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. शिक्षिकेच्या घरी बाबूजी दुसऱ्याच दिवशी स्वतः गेले होते, पुतण्याला बरोबर घेऊन. साडी बदलून दिली. त्यांनी पानावरचा आपला मजकूर काढला नाही, आणि काढा असे पेढीनेही म्हटले नाही. तो आजही तेथे आहे, त्याखाली पुतण्याचे ते उत्तर आहे आणि त्याखाली त्याचीच माफी आहे. पान अजूनही तोच चालवतो. फरक इतकाच की संध्याकाळी चौविहारापूर्वी मुनीमजी रोजमेळ वाचून दाखवतात, तेव्हा त्यांच्यापाठोपाठ तो दिवसभराच्या प्रतिक्रिया बाबूजींना वाचून दाखवतो. मी बसलो होतो त्या दिवशी सात होत्या. सहांची उत्तरे त्यांनी तेथेच सांगितली. सातवी ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "याला उद्या सकाळी लिही."